इंजिनाच्या झाकणाला स्टेनलेसचेच स्ट्रट हवेत, की डिकीचे शॉकर चालतील?

मांडवेकर: आमची २४ फुटी फायबर बोट, मांडव्याला असते. इंजिनाच्या झाकणाचे दोन्ही गॅस स्ट्रट, म्हणजे झाकण वर धरणारे गॅस भरलेले दांडे, जोर जाऊन बसलेत. झाकण वर थांबत नाही, खलाशी ते खांद्यावर पेलतो नि मी खाली ऑइल बघतो. दुकानदार म्हणतो ३१६ स्टेनलेसच, म्हणजे खाऱ्या हवेत टिकणारं स्टीलच घ्या. त्या पैशांत गाडीच्या डिकीचे काळे शॉकर तीन जोड्या येतात. आत नायट्रोजन आणि जरासं तेल, एवढंच तर असतं! माझं मत, दर वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी नवी काळी जोडी टाकावी आणि मोकळं व्हावं.

खाराडा: अजिबात पटलं नाही. काळा रॉड खाऱ्या हवेत तांबूस ठिपके धरतो. तोच खरखरीत रॉड उघडझाप करताना सील खरवडतो आणि गॅस निघून जातो. हे निदान हळूहळू होतं, दिसतं तरी. पण टोकाची लोखंडी वाटी आतून गंजली की एक दिवस झाकण उघडं असतानाच, ज्यावर ती अडकवलेली असते त्या गोळ्यावरून निसटते. तेव्हा खाली डोकं तुमचं असणार.

मांडवेकर: म्हणून तर दर वर्षी बदलायचे म्हणतोय.

खाराडा: "दर वर्षी" हे पहिल्या वर्षीच बोललं जातं.

जुनी_होडी: स्टेनलेसचंही फार कौतुक नको. सील त्यातही रबराचंच. खरा घोळ बसवण्यात आहे. झाकण बंद असताना रॉड खाली आणि नळकांडं वर हवं, म्हणजे तेल सीलवर राहतं. उलटा बसवून पावसाळाभर बोट शेडमध्ये ठेवली की सील कोरडं पडतं. मग कितीही महागाचा घ्या.

न्यूटनराव: तुम्ही धातूवरून भांडताय, जोर किती हवा ते कोणी विचारलंच नाही. नळकांड्यावर न्यूटनचा आकडा असतो.

मांडवेकर: आकडा उन्हाने पार पुसलाय.

न्यूटनराव: मग सामान तोलायचा हुकवाला काटा झाकणाच्या पुढच्या कडेला लावा आणि झाकण किंचित उचला. समजा १२ किलो भरले, म्हणजे साधारण ११८ न्यूटन. कड बिजागरीपासून ९० सेंटिमीटरवर, आणि झाकण उघडं असताना स्ट्रटची रेषा बिजागरीपासून काटकोनात २५ सेंटिमीटरवर. ११८ गुणिले ९० भागिले २५, म्हणजे सुमारे ४२५. दोघांत वाटून २१२. थोडी सूट धरून २५०चे घ्या. झाकणावर नंतर गादी चिकटवली असेल तर जुना आकडा तसाही कामाचा नाही. आणि "दणकट असू दे" म्हणून ४०० टाकू नका, बिजागरीचे स्क्रू फायबरमधून उपटून येतात. छापील आकडा २० अंश सेल्सिअस तापमानाचा असतो; दर १० अंशांमागे साडेतीन टक्के जोर वाढतो, हे मे महिन्यात लक्षात येईल.

खाराडा: हिशोब मान्य. पण २५० न्यूटनचा गंजका स्ट्रट शेवटी गंजकाच.

तांडेलकाका: माझं ऐका, स्ट्रटच नको. अ‍ॅल्युमिनियमची दांडी, खाली खाच. आमच्या बोटीवर तीच आहे.

जुनी_होडी: काका, धक्क्याला बांधलेल्या बोटीवर चालेल. फेरीबोटीची लाट आली की दांडी खाचेतून उडते. बदलताना मात्र दांडी हवीच. आधी झाकणाला टेकू, मग एकेक स्ट्रट, आणि दोन्ही एकाच वेळी नवे. एक नवा, एक जुना ठेवला की झाकण पिळतं.

न्यूटनराव: जुने भंगारवाल्याला देताना सांगा, कटर लावू नको, जाळू नको. ८ मिलीमीटर रॉडचा २५० न्यूटनचा स्ट्रट म्हणजे आत सातशेच्या वर पीएसआय. कारच्या टायरात तीस-पस्तीस असतो. बसलेल्यातही बराच दाब उरलेला असतो.

मांडवेकर: ठीक, इंजिनाच्या झाकणाला स्टेनलेस घेतो, काटा लावून. पुढच्या पेटीला, जिथे लाइफ जॅकेटं असतात, तिथे काळेच टाकणार. त्यावरून आता कोणी भांडू नका.

खाराडा: त्या पेटीवर तर समोरून फवारा येतो हो!