डिस्कस आणण्यापूर्वी टाकीची सायकल अडली आहे : जांभ्यातील विहिरीचे पाणी

कातळवाडी (प्रश्न)

नमस्कार. आमचे घर देवगड तालुक्यात कातळावर असून घरची विहीर जांभ्यात खणलेली आहे. डिस्कस माशांसाठी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी टाकी बनवून घेतली आहे. तिच्यात साधारण २२५ लिटर पाणी राहते. तळ मोकळा ठेवला आहे, एक कॅनिस्टर व दोन स्पंज फिल्टर चालू आहेत आणि हीटर २९ अंशांवर लावला आहे. मासे न घालता सायकल पूर्ण करावी, म्हणजे अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये आधीच वाढवून घ्यावेत, या विचाराने प्रयोगशाळेत वापरतात तसा शुद्ध अमोनियम क्लोराइड आणला आणि अमोनिया २ पीपीएम (लिटरमागे २ मिलीग्रॅम) येईल इतका, म्हणजे सुमारे दीड ग्रॅम, दर वेळी काट्यावर मोजून घातला.

सुरुवात उत्तम झाली. अमोनिया उतरू लागला, नायट्राइट चढले आणि पुढे नायट्रेटही दिसू लागले. त्यानंतर मात्र सगळे जागच्या जागी थांबले आहे. अमोनिया १ पीपीएमच्या खाली जात नाही, नायट्राइटच्या चाचणीला गडद जांभळाच रंग येतो आणि पीएचच्या चाचणीत नळी पिवळीधमक होते, म्हणजे तक्त्यावरचा सर्वांत खालचा आकडा, ६.०. विहिरीच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ६० च्या आसपास आहे, केएच (आम्ल शोषणारी क्षारता) २ आहे आणि ताज्या पाण्याचा पीएच ६.२ भरतो. डिस्कसला मृदू आणि किंचित आम्लधर्मी पाणी लागते असे सर्वत्र वाचले असल्यामुळे आपली विहीर या कामी वरदानच आहे, अशी माझी समजूत होती.

ज्यांच्याकडून मासे घ्यायचे आहेत, ते म्हणतात की पाणी अगदी हवे तसे आहे, मासे टाका, बाकीचे आपोआप जुळून येईल. हे मला पटत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पाणीपारखी

मासे टाकू नका, आपली शंका रास्त आहे. आपल्या पाण्याचा जो गुण डिस्कसला मानवतो, त्यानेच आपली सायकल अडवली आहे, आणि कोकणात जांभ्याच्या पट्ट्यात राहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही अडचण कधी ना कधी येते.

फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात तेव्हा आम्ल तयार होते. ते आम्ल पाण्यातील बायकार्बोनेट शोषून घेतात, आणि आपण केएच मोजतो तो या बायकार्बोनेटचाच साठा असतो. केएचच्या एका अंशाचा, म्हणजे एका डीकेएचचा, अर्थ लिटरमागे सुमारे १८ मिलीग्रॅम क्षारता असा होतो, आणि २ पीपीएम अमोनियाचे पूर्ण रूपांतर होताना त्यातली जवळजवळ १२ मिलीग्रॅम खर्ची पडते. आपल्या विहिरीच्या पाण्यात मुळात ३६ मिलीग्रॅमच आहेत. म्हणजे आपण मोजून घातलेल्या तीन मात्रांतच शिल्लक संपते, पीएच घसरतो, आणि तो ६ च्या आसपास आला की हे जिवाणू मरत नाहीत, पण काम मात्र जवळपास बंद करतात. घाटावर बोअरच्या जड पाण्यात केएच १० च्या वर सहज असतो, म्हणून तिकडच्या मंडळींना हा प्रकार ठाऊकच नसतो आणि त्यांनी लिहिलेल्या सूचनांत त्याचा उल्लेखही येत नाही.

पिवळ्या नळीबद्दल एक सांगतो. त्या चाचणीचा तक्ता ६.० वर संपतो, त्यामुळे पीएच ५.९ असो वा ५.२, नळी तितकीच पिवळी दिसते. तेव्हा पीएच न मोजता टाकीतल्या पाण्याचा केएच मोजा. पहिल्याच थेंबाला निळ्याचा पिवळा झाला, तर साठा संपला आहे असे खुशाल समजा.

विक्रेत्यांचा सल्ला वरवर खरा का ठरतो, हेही पाहण्यासारखे आहे. पीएच ६ ला पाण्यातला बहुतेक सर्व अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो आणि तो माशाला फारसा बाधत नाही. २९ अंश तापमानात पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा शंभरातला एक भागही विषारी रूपात नसतो. पीएच ८ ला तोच वाटा सहा-सात भागांवर जातो. त्यामुळे अडलेल्या टाकीत मासे टाकले तरी अमोनियाने लगेच काही होत नाही. मग एके दिवशी मालक प्रामाणिकपणे बरेचसे पाणी बदलतो, पीएच वर येतो, साचलेला अमोनिया विषारी होतो आणि पाणी बदलल्यामुळेच मासे मेले असा समज पसरतो. शिवाय आपल्या टाकीत नायट्राइट भरपूर आहे. ते कल्ल्यांवाटे रक्तात जाऊन प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी करते, आणि २९ अंशांच्या पाण्यात प्राणवायू आधीच बेताचा असतो.

उपाय अवघड नाही. आधी निम्मे पाणी बदला, म्हणजे नायट्राइटही उतरेल. मग खाण्याचा सोडा घाला. धुण्याचा सोडा नव्हे, त्याने पीएच एकदम उसळतो. १०० लिटर पाण्याचा केएच एका अंशाने वाढवायला सुमारे ३ ग्रॅम सोडा लागतो, म्हणून आपल्या टाकीला दोन अंशांसाठी १३ ते १४ ग्रॅम पुरेल. तो मगभर पाण्यात विरघळवून फिल्टरच्या प्रवाहात ओतावा. टाकीत जीव नसताना पीएच कितीही झपाट्याने वर आला तरी बिघडत नाही, म्हणून ही दुरुस्ती मासे येण्यापूर्वीच करून घेणे सोयीचे. केएच ४ च्या आसपास राखून पीएच ७ च्या वर ठेवा. जिवाणू पुन्हा कामाला लागले की नायट्राइट शून्यावर येईपर्यंत नवी मात्रा घालू नका.

विहिरीचे पाणी मोजण्याची पद्धतही थोडी बदला. जांभ्यातून झिरपलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड बराच विरघळलेला असतो, त्यामुळे कळशीतून काढल्याबरोबर घेतलेला पीएच खरा नसतो. तेच पाणी पिंपात रात्रभर एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा. आकडा चढलेला दिसेल. त्याच रात्रीत पाण्यातले लोह तांबूस गाळ होऊन तळाशी बसते. वरचे पाणी नळीने काढून घ्यावे, गाळ हलवू नये.

राहिला प्रश्न डिस्कसला नेमके कोणते पाणी द्यावे याचा. हेकेल या ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञाने १८४० साली ज्या जातीचे वर्णन केले, ती रिओ नेग्रोसारख्या काळ्या पाण्याच्या, अतिशय आम्लधर्मी नद्यांत राहते, हे खरे आहे. पण आपण विकत घेतो ते रंगीत डिस्कस टाक्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले असतात. त्यांना पीएच ६.५ ते ७.२ यांपैकी कुठलाही चालतो, मात्र तो रोज एकच असावा लागतो. माझ्या मते केएच ३ ही जांभ्याच्या पाण्यासाठी चांगली सीमा आहे. त्याखाली गेलात तर प्रत्येक सुट्टीत, पाणी बदलायला उशीर झाला की, हीच अडचण पुन्हा दारात उभी राहील.

खाडीकाठ

वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त सोड्याऐवजी शिंपल्यांचा पर्याय सुचवतो. तिसऱ्यांची किंवा कालवांची शिंपी उकळून, आतला अंश पूर्ण काढून, उन्हात कडकडीत वाळवावी आणि मूठभर जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरमध्ये ठेवावी. पाणी आम्लधर्मी झाले की ती विरघळते आणि पीएच ७ च्या पुढे गेला की फारच सावकाश विरघळते, त्यामुळे रोज मोजमाप करावे लागत नाही. याच कारणासाठी समुद्राची वाळू मात्र टाकीत घालू नये. तिच्यात शिंपल्यांचा चुरा इतका असतो की पाणी महिनोन्‌महिने जड होत राहते, आणि नको झाला तर पिशवीसारखा तो काढून घेता येत नाही. चिमूटभर वाळूवर व्हिनेगरचे चार थेंब टाकून पाहा, बुडबुडे स्पष्ट दिसतील.

कातळवाडी यांना हे लागू नाही, पण खाडीलगत राहणाऱ्या इतर वाचकांसाठी लिहितो. आमच्याकडची स्थिती अगदी उलट असते. वैशाखात विहिरी खाली गेल्या की पाणी मचूळ होते आणि टीडीएस ६०० च्या पुढे जातो. त्या काळात डिस्कसला नुसते विहिरीचे पाणी देता येत नाही. मी पावसाळ्यात पागोळीचे पाणी साठवतो आणि त्यात विहिरीचे पाणी मिसळतो. पहिले दोन-तीन मोठे पाऊस वाया जाऊ द्यावेत, आणि पाणी कौलांवरून घ्यावे. जस्ताच्या नव्या पत्र्यावरून जस्त उतरण्याची भीती असते आणि सिमेंटच्या पत्र्यावरून चुना उतरतो. पागोळीच्या पाण्यात केएच जवळपास शून्य असतो, म्हणून ते एकटे वापरणाऱ्याची सायकल कातळवाडींपेक्षाही लवकर अडेल.

पाणीपारखी

शिंपल्यांची पिशवी चांगली, पण ती सावकाश काम करते आणि आज यांची टाकी पूर्ण थांबलेली आहे. आधी सोड्याने गाडी रुळावर आणावी, मग पिशवी ठेवावी. टाकी चालू झाल्यावर मी स्वतः पिशवीच पसंत करतो. फक्त तिच्यामुळे केएचबरोबर जीएच, म्हणजे पाण्याचा जडपणाही, वाढतो, हे लक्षात असू द्यावे.

कातळवाडी

दोघांचेही मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे टाकीतला केएच मोजला, पहिल्याच थेंबाला पिवळा झाला. निम्मे पाणी बदलून सोडा घातला आहे. आता दोन शंका आहेत. पावसाळ्यात ग्रामपंचायतीकडून विहिरींत टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग) पावडर टाकतात, घरच्या विहिरीतही टाकून जातात. त्याचे काय करावे? दुसरे असे की आमच्याकडे वारा सुटला की वीज जाते, कधी रात्रभर येत नाही. एवढ्या खटाटोपाने उभी केलेली सायकल अशा वेळी टिकते का?

खाडीकाठ

टीसीएल टाकायला नकार देऊ नका; तेच पाणी घरात पिण्याला असते. टाकल्यावर दोन दिवस टाकीचे पाणी बदलू नये, हा सोपा मार्ग. बदलावेच लागले, तर पिंपात पाणी भरून दिवसभर जोरात हवा द्या आणि १०० लिटरला १ ग्रॅम सोडियम थायोसल्फेट, म्हणजे फोटोवाले वापरत तो हायपो, घाला. विहिरींना घालतात तेवढ्या क्लोरीनला इतके सहसा पुरते. नंतर क्लोरीन उरला आहे का हे दाखवणारी ओटीची चाचणी करा, पिवळी छटा अजिबात दिसता कामा नये. गावच्या जलसुरक्षकाकडे ओटीचे द्रावण असते, मागितले तर चार थेंब कोणी नाही म्हणत नाही. फिल्टरचे स्पंज मात्र कधीही थेट अशा पाण्याखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

विजेबद्दल पाणीपारखी यांनी लिहावे, त्यांच्याकडे चक्रीवादळात टाक्या चालू होत्या.

पाणीपारखी

होय. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगडात आणि दापोली-मंडणगड भागात अनेक गावांना दिवसेंदिवस वीज नव्हती. त्या वेळी जे टिकले ते स्पंज फिल्टर. त्यांना फक्त हवा लागते आणि बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप ती देतो. असा पंप आणि एक जास्तीची बॅटरी मृगापूर्वी घरात असावी. कॅनिस्टरचे तसे नाही. तो बंद डबा आहे, प्रवाह थांबला की आतले जिवाणू काही तासांत प्राणवायू संपवून टाकतात आणि कुजायला सुरुवात होते. वीज लांबणार असे दिसताच त्याचे झाकण उघडून आतला माल टाकीच्याच पाण्यात, एअरस्टोनजवळ, पसरून ठेवा. वीज आल्यावर त्यातले साचलेले पाणी फेकून द्या, ते टाकीत जाऊ देऊ नका. आपण दोन स्पंज आधीच लावले आहेत, ही जमेची बाजू आहे, आणि म्हणूनच कॅनिस्टर आहे म्हणून ते काढून टाकू नयेत.

हीटरची चिंता तुलनेने कमी. आपल्याकडे पावसाळ्यात पाणी एकदम गार होत नाही. काचेभोवती जुनी गोधडी गुंडाळली तरी रात्र निघते. खरी काळजी पौष-माघातल्या पहाटेची असते. २२५ लिटरला एक ३०० वॅटचा हीटर लावण्यापेक्षा १५० वॅटचे दोन लावा, म्हणजे एखादा चालू अवस्थेत अडकला तरी पाणी उकडत नाही. मे महिन्यात उलट पाणी ३२ च्या वर जाऊ लागते. तेव्हा पाण्यावर पंखा सोडतात, पण किनाऱ्याच्या दमट हवेत बाष्पीभवन कमी होते, त्यामुळे देशावर जितका फरक पडतो तितका इकडे पडत नाही. टाकी पश्चिमेच्या खिडकीपासून आताच दूर हलवा. भरलेल्या टाकीचे वजन अडीचशे किलोंच्या पुढे जाते, नंतर ती हलणार नाही.

सायकल पूर्ण झाली हे ठरवण्याची कसोटी अशी : २ पीपीएम अमोनिया घाला आणि चोवीस तासांनी मोजा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, आणि हे लागोपाठ दोन-तीन वेळा घडले, तर टाकी तयार आहे. त्या दिवसांत केएचही रोज पाहा, कारण आता तो पूर्वीपेक्षा वेगाने खर्च होईल. मासे यायला वेळ असेल तर जिवाणूंना उपाशी ठेवू नका, एक दिवसाआड निम्मी मात्रा चालू ठेवा. मासे येण्याच्या आदल्या दिवशी अमोनिया न घालता ८० टक्के पाणी बदला, म्हणजे साचलेले नायट्रेट आणि जास्तीचा सोडा दोन्ही निघून जातील, आणि त्या नव्या पाण्याचा केएच ३ वर आणून ठेवा. मासे एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी, पाच-सहा घ्या. एक-दोन घेतले तर दुबळ्याला मार बसतो. विक्रेत्यांकडच्या पाण्याचा पीएच आणि टीडीएस आधी विचारून ठेवलात, तर पिशवीतून टाकीत सोडताना किती सावकाश जायचे हे ठरवता येईल.

कातळवाडी

केएच आज ४ भरला आणि नायट्राइटचा जांभळा रंग फिका होऊ लागला आहे. विक्रेत्यांना मासे राखून ठेवायला सांगितले आहे आणि त्यांच्या पाण्याचा पीएचही विचारला; ७.४ आहे म्हणतात.

पाणीपारखी

मग आपल्याकडचा पीएच ७ च्या खाली ओढण्याच्या भानगडीत पडू नका. आणा तसेच.