ड्रमच्या ठिबकचं पाणी शेवटच्या रोपांना पोचत नाही, मदत हवी आहे
परसबागेला 200 लिटरच्या ड्रममधून ठिबक जोडलंय. ड्रमचा तळ जमिनीपासून 1 मीटर उंच, 16 मिमीची नळी, दर 60 सेमीवर टोमॅटोचं रोप आणि ताशी 4 लिटरचा दाबनियंत्रित ड्रिपर (दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी सोडणारी तोटी). सुरुवातीची रोपं चिंब, शेवटची दुपारी माना टाकतात. फिल्टर धुतला, नळीचं टोक उघडून गाळ काढला, फरक नाही. 1 मीटर उंचीने जेमतेम 0.1 बार दाब मिळतो आणि असल्या बहुतेक ड्रिपरना निदान 0.5 बार तरी लागतो. मूळ दुखणं तेच वाटतं. पंप नकोय. साधे ड्रिपर लावावेत की मायक्रोट्यूब, म्हणजे ड्रिपरऐवजी मुख्य नळीत खोचायची बारीक नळी? मायक्रोट्यूब असेल तर टोकाकडे तिची लांबी किती कमी करावी? पाणी कमी-जास्त झालं की टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडतं, म्हणून फळं धरायच्या आत हे सुटायलाच हवं.