जर्मन भाषेत कापसाला 'झाडाची लोकर' का म्हणतात?

कपाशीवाला_चोपडा
राम राम मंडळी. पुतणी पुण्यात जर्मन शिकतेय, वेचणीला घरी आली तर म्हणे काका, जर्मनमधे कापसाला बाउमवोले म्हणतात, बाउम म्हणजे झाड नि वोले म्हणजे लोकर. आता आपली कपाशी छातीपर्यंत येते नि हंगाम संपला की पऱ्हाटी उपटून टाकतो, तिला झाड कोण म्हणेल? आणि शेजारच्या इंग्लिशमधे तर सरळ कॉटन आहे. नीट माहीत असेल त्यांनी सांगा, पोरीला समजावायचंय.

धुळेकर७
भाऊ, तिकडच्या थंडीत कपाशी होतच नाही हे आधी धरा. जर्मनीतल्या उल्म, ऑग्सबर्ग शहरांकडचे विणकर चौदाव्या शतकापासून उभा धागा लिननचा नि आडवा कापसाचा घालून बार्खेंट नावाचं कापड विणायचे, पण कापूस यायचा व्हेनिसवरून, बोंड कुणी बघितलंय? हातात रुई, आणि तसं मऊ त्यांना माहीत होतं ते मेंढीचंच, म्हणून लोकर. झाडाची गोष्ट तर फार जुनी आहे. इ.स.पू. पाचव्या शतकात हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलंय की भारतात रानझाडांना फळासारखी लोकर लागते आणि ती मेंढीच्या लोकरीपेक्षा सुंदर नि चांगली असते. आपल्याकडं वातींसाठी परसात देवकापूस लावतात ना, तो वर्षानुवर्षं टिकतो, चांगलं झाड होतं, मला तर वाटतं तसलंच काहीतरी कुणीतरी पाहिलं असणार.

तापीकाठ
स्वीडिशमधे बोमुल आहे, डॅनिशमधे पण तसंच. गंमत बघा, स्वीडिशमधे झाडाला ट्रेड म्हणतात, मग बोम कुठून? उत्तर जर्मनीच्या व्यापाऱ्यांच्या बोलीतून अख्खा शब्दच आला, फक्त शेवटी आपलं उल ठेवलं, उल म्हणजे लोकर. आइसलँडिकमधे बाद्मुल, त्यातलं बाद्मुर म्हणजे झाडच. इंग्लिशमधलं बीम, म्हणजे तुळई, ते पण मुळात बाउमचंच भावंड, जुन्या इंग्लिशमधे त्याचा अर्थ झाड होता. आणि वोले, वूल, उल हे सगळे आपल्या संस्कृत ऊर्णाच्या नात्यातले, हे पुतणीला नक्की सांगा.
कॉटन मात्र अरबी कुत्न, ते फ्रेंचमधून इंग्लिशमधे आलं. डचमधे कातून. जर्मनने पण डचकडून काट्टून घेतलं, पण ते सुती कापडासाठी, त्यातही छापील.

कपाशीवाला_चोपडा
वा, मस्त माहिती दिली दोघांनी. पण आपलं कर्पास ग्रीक लॅटिनमधे गेलं होतं असं ऐकलंय, मग ते का नाही टिकलं तिकडं?

धुळेकर७
गेलं होतं ना, ग्रीकमधे कार्पासोस नि लॅटिनमधे कार्बासुस. पण लॅटिनमधे ते तलम लिननला नि जहाजाच्या शिडाला चिकटलं, कापसाचं नाव म्हणून राहिलंच नाही. पुढं मध्ययुगात कापूस अरबांकडून आला, तो ज्यांच्याकडून घेतला त्यांचंच नाव स्पेन, इटली, फ्रान्समधे चाललं, आणि आल्प्सच्या पलीकडं जर्मन लोकांनी घरचेच दोन शब्द जोडले.