गेमिंग माउस: टिकाऊ कोणता, आणि महाग घेऊन फायदा आहे का?

प्रश्न: बजेट २ हजार, ताणून ५. रोज ३-४ तास गेमिंग. वर्षभरात डबल-क्लिक सुरू होणारा माउस नको. नागपूरच्या बर्डीत (सीताबर्डी बाजारात) घ्यावा की ऑनलाइन?

उत्तर १: भाऊ, सेन्सरवर, म्हणजे माउसची हालचाल टिपणाऱ्या भागावर, पैसे घालू नका. पिक्सआर्ट ३३६० दर्जाचा सेन्सर पुरतो. बहुतेक जण ४०० ते १६०० डीपीआयवरच (डीपीआय म्हणजे माउसची संवेदनशीलता) खेळतात, २६,००० चा आकडा फक्त खोक्यावर शोभतो. माउस मरतो तो बटणाखालच्या स्विचमुळे. यांत्रिक स्विचमधली तांब्याची पातळ पट्टी झिजते, तिच्यावर ऑक्साइड चढतं, मग एका दाबाचे दोन क्लिक. ‘२ कोटी क्लिक’ हे आयुष्य यांत्रिक आहे, संपर्क त्याआधीच बिघडू शकतो. ऑप्टिकल स्विचमध्ये प्रकाशकिरण अडतो किंवा सुटतो, धातूचा संपर्कच नाही, म्हणून हा आजार नाही. जास्तीचे पैसे द्यायचे तर त्यासाठी.

उत्तर २: सोल्डरिंग येत असेल तर स्वस्त माउसही चालेल, बिघडलेला स्विच घरीच बदलता येतो. स्क्रू बहुधा तळाच्या टेफ्लॉन पट्ट्यांखाली असतात. हेअर ड्रायरने गरम करून उचला. सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांवर, जुन्या स्विचचे तीन पाय सोडवा, कैल्ह जीएम ८.० हा नवा स्विच बसवा. घाईत ओढलं तर बोर्डाचं पॅड (पाय जिथे सोल्डर होतो तो धातूचा ठिपका) उखडतं.

उत्तर ३: एक राहिलं: बाजूला रबर असलेला घेऊ नका. नागपूरच्या मे महिन्यात घाम आणि उष्णतेने ते चिकट होतं. खडबडीत प्लास्टिक बरं. आणि बर्डीत घ्या किंवा ऑनलाइन, वॉरंटी रिप्लेसमेंटची आहे का आणि बिलावर सिरीयल नंबर आहे का, ते आधी बघा.