युरेनियमच्या गाळावर काळी माती चालेल का?

कृष्णाकाठ_सिव्हिल (सांगली): किर्गिझस्तानातल्या मायलू-सू या जुन्या युरेनियम खाणींच्या गावावर सेमिनार आहे. बंद खाणींच्या टेलिंग्जवर, म्हणजे युरेनियम काढून उरलेल्या गाळावर, चिकणमातीचं आच्छादन घालतात. आपल्या तासगावकडच्या काळ्या मातीसारखी मीटरभर टाकून दाबली की पुरेल ना? आणि खर्च कोण करतं?

माती_परीक्षण (कराड): उघडी ठेवलीत तर फसाल. एप्रिलमध्ये काळ्या रानातली भेग बघा, हात कोपरापर्यंत आत जातो. पाणी अडवणं आलंच, पण रेडॉनही, म्हणजे गाळातून निघणारा किरणोत्सारी वायू, अडवायचा असतो. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा संपायला लागणारा वेळ, ३.८ दिवस. ओल्या चिकणमातीची छिद्रं पाण्याने भरलेली असतात, त्यामुळे वायू इतका रेंगाळतो की बराचसा वाटेतच संपतो. भेग पडली की तो सरळ वर. म्हणून चिकणमातीवर वाळू-खडीचा निचरा थर, त्यावर जाड मुरूम-माती, मग गवत. झाडं नकोत, मुळं थर फोडतात. चिकणमाती १५-२० सेंमीच्या थरांनी, प्रॉक्टर चाचणीत माती सर्वात घट्ट दाबली जाते त्या ओलाव्यापेक्षा १-२ टक्के जास्त पाणी ठेवून शीपफूट (खुंट्यांच्या) रोलरने दाबा. पाझर सेकंदाला १ नॅनोमीटर, म्हणजे वर्षाला साधारण ३ सेंमी, एवढाच हवा.

घाट_दरड (पाटण): त्याआधी गाळ बसायला हवा. मधला बारीक गाळ दह्यासारखा असतो, डंपर थेट घातला तर रुतेल आणि गाळ बाजूने वर येईल. आधी जिओटेक्स्टाइल (मजबूत कापडासारखा थर), त्यावर पातळ भर, मग गाळातलं पाणी बाहेर काढायला उभ्या निचरा-पट्ट्या. खचण्याची मापं स्थिरावल्याशिवाय चिकणमाती घालू नका, नाहीतर मध्ये खळगा पडून पाणी साचतं.

आणि जागा तपासा. मायलू-सूच्या खोऱ्यात २३ गाळसाठे आणि १३ दगडमातीचे ढिगारे आहेत, तेही भूकंप आणि दरडींच्या मुलखात. १९५८ मध्ये बांध फुटून सुमारे ६ लाख घनमीटर गाळ नदीत गेला. १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि पावसाळ्यातल्या दरडी माहीत असलेल्याला हे वेगळं सांगायला नको. दरडीने नदी अडली की पाणी चढून ढिगाचा पायथा कापतं. तिथे वरून कितीही चांगलं आच्छादन घाला, उपयोग नाही. गाळ उचलून उंच, स्थिर जागी न्यावा लागतो: ओला करून, ताडपत्रीखाली, आणि बाहेर पडताना चाकं धुऊन.

कृष्णाकाठ_सिव्हिल: हे डोक्यातच नव्हतं. खर्चाचं?

निविदा_अंदाजपत्रक (सातारा): युरोपीय आयोगाच्या पुढाकाराने २०१५ मध्ये युरोपीय पुनर्रचना व विकास बँकेत मध्य आशियासाठी खातं उघडलं. त्यातून अनुदान मिळतं, कर्ज नाही. किर्गिझस्तानातल्याच शेकाफ्तार आणि मिन-कुश या खाणगावांची कामं त्यातूनच झाली. पण गाळात रेडॉन तयार करणाऱ्या रेडियम-२२६ चं अर्धायुष्य १६०० वर्षं, आणि प्रकल्पाचा निधी काही वर्षांचा. देखभालीचा पैसा पहिल्याच अंदाजपत्रकात धरा: निरीक्षण विहिरींचे नमुने, गवत, उंदरा-घुशींची बिळं बुजवणं आणि दर पावसाळ्याआधी कडेची गटारं उपसणं. गटार तुंबलं की पाणी आच्छादनावरच थांबतं.