पोरगी डोक्याचे केस उपटते, हात थांबतच नाही

सुनंदा_समुद्रपूर
नमस्कार. आम्ही समुद्रपूर तालुक्यातले कास्तकार. मोठी मुलगी आठवीत आहे. दिवाळीपासून डोक्याचे केस उपटते. टाळूच्या उजव्या अंगाला रुपयाएवढी जागा मोकळी दिसत होती, आता तळहाताएवढी झाली. अभ्यासाला बसली, टीव्ही पाहत असली की हात वर जातो. केस चाचपत राहते, एखादा जाडसर सापडला की ओढते आणि मुळाचं पांढरं टोक ओठाला लावते. विचारलं तर म्हणते, ‘आई, मले समजतच नाही हात कवा गेला.’ तिच्या बाबांनी हातावर मारून पाहिलं, उपयोग नाही. सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे, महाराजांकडे नेऊ. शाळेत पोरी हसतात म्हणून ओढणी बांधून जाते. हे वेड आहे का? यावर औषध आहे का?

गजानन_हिंगणघाट
ताई, मले तर चाई वाटते. पुतण्याला झाली होती. आधी चामडीच्या डॉक्टरला दाखवा.

शिक्षिका_पांढरकवडा
सुनंदाताई, गजाननभाऊ म्हणतात तसं चामडीच्या डॉक्टरांना दाखवाच. पण एक गोष्ट घरीही पाहता येते. चाईची जागा बहुधा गुळगुळीत असते. केस उपटलेल्या जागी कमी-जास्त लांबीचे खुंट राहतात, बोट फिरवलं की टोचतात. ते टोचणं मला चांगलं ठाऊक आहे. सहावीत असल्यापासून मी हेच करत होते. आज मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि वेणी घालते, म्हणून तुमच्या लेकीसाठी लिहिते आहे.

हे वेड नाही आणि बाहेरचंही नाही. याला ट्रायकोटिलोमेनिया म्हणतात. अ‍ॅलोपो नावाच्या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञानं १८८९ मध्ये हे नाव दिलं, हे सासूबाईंना सांगा. आपल्या आजी-पणजीच्या काळापासून डॉक्टरांना माहीत असलेला आजार आहे. बहुतेकांना तो तुमच्या मुलीच्याच वयात, वयात येताना सुरू होतो. पूर्वी तो आवेग न आवरण्याच्या आजारांत मोजायचे. २०१३ पासून अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात तो ओसीडीच्या, म्हणजे नको असताना तेच ते विचार येण्याच्या आणि तेच ते करत राहण्याच्या आजाराच्या, शेजारी ठेवला आहे.

आतून कसं वाटतं ते सांगते. टाळूवर एका जागी हुरहूर सुटते, तो केस निघेपर्यंत दुसरं काही सुचत नाही. निघाला की क्षणभर मोकळं वाटतं आणि लगेच लाज वाटते. कधी तर पुस्तकावर केस पडलेले दिसले की मगच कळायचं. म्हणून ती म्हणते ते खरं आहे, तिच्यावर विश्वास ठेवा. आणि मारणं आजच बंद करा, ताई. ताण वाढला की हात आणखी वर जातो.

यावर सगळ्यात उपयोगी ठरलेली पद्धत म्हणजे हॅबिट रिव्हर्सल, म्हणजे सवय उलटवणं. अझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये ती मांडली. आधी वहीत लिहायचं: हात कधी गेला, कुठे बसले होते, मनात काय होतं. माझ्या वहीत गणिताचा तास आणि झोपण्याआधीचा वेळ पुन्हा पुन्हा यायचा. मग हात खांद्यापर्यंत आला की ओळखायचं आणि त्याच हाताला मिनिटभर दुसरं काम द्यायचं. समुपदेशक बाईंनी मूठ आवळायला सांगितली होती. घरी मी सरकी काढलेला कापूस घेऊन वाती वळायचे. अंगठा आणि तर्जनी त्यातच गुंतून राहायची, आणि आई दिवा लावताना त्याच वाती घ्यायची. अभ्यासाला बसताना ओढणी बांधणं, बोटांना चिकटपट्टी लावणं, यानंही हात अडतो. पण हे तिनं स्वतः ठरवू द्या. हात वर गेलेला दिसला तर ‘पुन्हा?’ म्हणू नका, हळूच कापसाचा पेळू पुढे करा.

गोळीचं म्हणाल तर हमखास असं औषध नाही. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन या औषधाचा २००९ च्या अभ्यासात मोठ्या माणसांना फायदा दिसला, पण लहान मुलांवरच्या २०१३ च्या अभ्यासात नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा जास्त गुण आला नाही. मेडिकलमधून आपल्या मनानं काही आणू नका. सोबत उदासी किंवा भीती असेल तर डॉक्टर त्याचं औषध देतात, ते घ्यावं.

सुनंदा_समुद्रपूर
ताई, वाचून रडूच आलं. तिलेही वाचून दाखवलं, तर म्हणाली, ‘म्हणजे मी एकटीच नाही?’ एक विचारायचं राहिलं. परवा तिनं केस तोंडात टाकलेला पाहिला. गिळते का माहीत नाही.

शिक्षिका_पांढरकवडा
हे रागावून नाही, शांतपणे विचारा. केस पचत नाहीत. गिळत राहिलं तर पोटात गोळा साठतो, आणि तो मोठा झाला तर ऑपरेशन करून काढावा लागतो. पोट दुखणं, उलट्या, थोडं जेवताच पोट भरणं, वजन उतरणं यातलं काही असेल तर वाट पाहू नका, पोटाची तपासणी करून घ्या.

तुम्हाला सेवाग्राम जवळ आहे. तिथल्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, चामडीचाही आहे. त्याआधी बोलायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावा. रात्री-बेरात्री लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. जाताना तिची वही सोबत न्या. आणि डॉक्टरांना हॅबिट रिव्हर्सल कोण शिकवतं ते नाव घेऊनच विचारा.