मदत हवी आहे: वाचनालयाचे जुने संगणक फक्त ब्राउझरवर चालवता येतील का?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात. गावच्या सार्वजनिक वाचनालयाचं काम मी पाहते. वाचनालयाला लागून अभ्यासिका आहे. पोलीस भरती, तलाठी भरती, वनरक्षक यांची तयारी करणारी मुलंमुली तिथे रात्रीपर्यंत बसतात. एका कार्यालयाने नवे संगणक घेतले तेव्हा त्यांचे जुने सात आम्हाला मिळाले. चारमध्ये ४ जीबी रॅम आहे, तीनमध्ये २. सगळ्यांवर विंडोज ७ आहे आणि त्यावर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही. काही साइट आताच उघडेनाशा झाल्यात.

मुलांचं काम बघितलं तर सगळं ब्राउझरमध्येच होतं. भरतीचे अर्ज, महाडीबीटीवर शिष्यवृत्ती, सातबारा काढणं, सराव परीक्षा, पीडीएफ वाचणं, जीमेल. वेगळं सॉफ्टवेअर कुणी उघडतच नाही. म्हणून वाटतं, संगणक सुरू केला की थेट ब्राउझर यावा आणि तीच ऑपरेटिंग सिस्टीम असावी. व्हायरस नको, परवान्याचा खर्च नको, दर आठवड्याला कुणाला तालुक्याहून बोलवायला नको.

अडचण अशी की आमच्याकडे लाईन जाते. वाचनालयाचा इन्व्हर्टर संगणक चालवतो, पण लाईन जास्त वेळ गेली की टॉवरही बंद पडतो आणि रेंज जाते. मृगाच्या वादळात तर हे ठरलेलंच. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलंय, वाचनालयापर्यंत नाही. सध्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर भागतं. मग सगळं वेबवरच असलं तर रेंज गेल्यावर ही मशीन म्हणजे नुसते खोके होतील का? मुलांचे फोटो, सह्या, टिपणं राहणार कुठे? पैसा लोकवर्गणीचा आहे. एकदाच नीट करायचं आहे, म्हणून अनुभवी लोकांना विचारते.

प्रतिसाद १ (नागपूर, शाळांच्या संगणक कक्षांची देखभाल करतो)

ताई, ४ जीबीच्या चार मशीनसाठी क्रोमओएस फ्लेक्स बघा, म्हणजे जुन्या संगणकावर बसणारी, ब्राउझरभोवतीच बांधलेली गूगलची ऑपरेटिंग सिस्टीम. क्लाउडरेडी नावाची अशीच सिस्टीम बनवणारी नेव्हरवेअर कंपनी गूगलने २०२० मध्ये घेतली, त्यातूनच २०२२ मध्ये हे आलं. फुकट आहे. ६४-बिट इंटेल किंवा एएमडी प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १६ जीबी डिस्क आणि यूएसबीवरून बूट होण्याची सोय एवढं लागतं. मशीन २०१० च्या आधीचं असेल तर नाद सोडा. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर तयार करा आणि लगेच डिस्कवर बसवू नका. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज, स्लीपमधून परत येणं, सगळं तपासा. बसवताना डिस्क पूर्ण पुसली जाते. प्ले स्टोअर त्यात नाही, म्हणून ई-पीक पाहणीसारखं मोबाईलचं ॲप तिथे चालेल अशी गावात कुणाला आशा असेल तर आधीच सांगून ठेवा.

२ जीबीच्या मशीनवर हे लादू नका. क्रोम २०१८ पासून प्रत्येक साइट वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे वेगळा प्रोग्राम असल्यासारखी चालवतं. सुरक्षेसाठी ते चांगलंच आहे, पण रॅम खातं. त्या तिघांवर डेबियन ही फुकट लिनक्स सिस्टीम आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाका, फायरफॉक्स द्या आणि दोन-तीन टॅबच्या वर जाऊ नका म्हणून मुलांना सांगा. मदरबोर्डवर रॅमची जागा रिकामी असली तर सीताबर्डीत जुनी डीडीआर३ रॅम मिळते. सगळ्यात जास्त फरक त्याच खर्चाने पडेल.

वाचनालयासाठी अतिथी मोड वापरा. मूल अतिथी मोड बंद करून उठलं की त्याचं जीमेल, इतिहास, डाउनलोड सगळं पुसलं जातं.

धागाकर्ती

दादा, आभार. अतिथी मोडचं पटलं. एकाचं लॉगिन दुसऱ्याच्या हाती लागणं हा माझा मोठा घोर होता. पण सगळं पुसलं जाणार असेल तर रेंज नसताना वापरायला आधी साठवलेलं पानही जाईल ना? आणि मुळात ब्राउझरला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणणं कितपत खरं आहे? विंडोज जे करते ते सगळं तो करतो का? समितीपुढे मला हे समजावून सांगायचं आहे.

प्रतिसाद २ (मूळ अमरावतीचा, आता पुण्यात वेबचं काम करतो)

ताई, तुमची शंका अचूक आहे. अतिथी मोडमध्ये ऑफलाइन साठाही जातो. साठवणीकडे नंतर येतो, आधी मूळ प्रश्न.

ऑपरेटिंग सिस्टीम मुख्यतः तीन गोष्टी सांभाळते: प्रोग्राम चालवणं, एकाचं दुसऱ्यापासून रक्षण करणं आणि माहिती साठवणं. ब्राउझर या तिन्ही गोष्टी हळूहळू शिकत गेला. १९९५ मध्ये नेटस्केपमध्ये जावास्क्रिप्ट आली आणि पानात प्रोग्राम चालू लागला. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये पान न बदलता सर्व्हरकडून माहिती मागवायची सोय दिली. ती सोय आउटलुक वेबवर चालावं म्हणून केली होती. पुढे २००४ चं जीमेल आणि २००५ चे गूगल मॅप्स त्याच पद्धतीवर उभे राहिले, आणि वेबवरही खरं ॲप चालतं हे सामान्य माणसाला दिसलं. २००८ मध्ये क्रोम आलं ते प्रत्येक टॅबला वेगळी प्रोसेस देऊनच. शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. कोणती साइट किती रॅम खाते ते तिथे मुलांनाही दाखवा.

रक्षणाच्या बाबतीत तर ब्राउझर जुन्या पद्धतीपेक्षा सरस आहे, हे मी जोर देऊन सांगेन. विंडोजवर कुणी पेनड्राइव्हमधून प्रोग्राम चालवला तर साधारणपणे त्या वापरकर्त्याच्या सगळ्या फाइल त्याला वाचता येतात. ब्राउझरमध्ये एका साइटला दुसऱ्या साइटचा साठा दिसत नाही, आणि तुमच्या फाइल तर तुम्ही निवडून दिल्याशिवाय दिसतच नाहीत. समितीला एवढंच सांगितलं तरी पुरे: अनोळखी साइट उघडणं हे अनोळखी सॉफ्टवेअर बसवण्यापेक्षा कितीतरी कमी धोक्याचं आहे. अर्थात, फसव्या साइटवर स्वतःहून पासवर्ड दिला तर कोणतीच सिस्टीम वाचवत नाही.

कच्चा दुवा साठवणीचा. २०१५ पासून क्रोममध्ये सर्व्हिस वर्कर आहे. नेट नसलं तरी साइट स्वतःची पानं साठ्यातून काढून दाखवू शकते. पण ते साइट बनवणाऱ्याने लिहावं लागतं. सरकारी अर्जांच्या साइटवर ते असेल अशी अपेक्षाच ठेवू नका. शिवाय हा साठा पक्का नसतो. डिस्क भरत आली की ब्राउझर कमी वापरलेल्या साइटचा साठा काढून टाकू शकतो, आणि एखाद्या मुलाने कुकीज आणि साइट डेटा पुसा म्हटलं तरी तो जातो. गूगल डॉक्स ऑफलाइन चालतं, पण ते नेट असतानाच सुरू करून ठेवावं लागतं आणि स्वतःच्या लॉगिनमध्येच चालतं.

समितीला पटायला आणखी एक उदाहरण. मोझिलाने फायरफॉक्स ओएस नावाची सगळीच्या सगळी वेबवर उभारलेली मोबाईल सिस्टीम काढली होती. २०१४ मध्ये भारतात दोन हजारांच्या आतले तिचे फोन विकायला आले. ती चालली नाही आणि मोझिलाने हात काढला. पण तिच्याच कोडमधून कायओएस आली आणि २०१७ चा जिओफोन त्यावर निघाला. म्हणजे आपल्या खेड्यांत बटणांचे जे जिओफोन हातोहाती फिरले, त्यांतली ॲप एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टचीच होती. कल्पना नवी नाही, गावात येऊन गेलेली आहे.

प्रतिसाद ३ (वाशीम जिल्हा, सेवा केंद्र चालवतो)

ताई, भाऊंनी सांगितलं ते बरोबर आहे, पण एक मशीन विंडोजचं ठेवाच. काहून का, अंगठ्याचं यंत्र नुसत्या ब्राउझरवर चालत नाही. आधारच्या पडताळणीसाठी त्या यंत्राची आरडी सर्व्हिस, म्हणजे त्याचं नोंदणीकृत सॉफ्टवेअर, संगणकावर बसवावी लागते. साइट त्याच संगणकात चालणाऱ्या त्या सर्व्हिसशी बोलते, तेव्हा कुठे अंगठा जातो. ती विंडोजसाठी असते, अँड्रॉइडसाठी असते, क्रोमओएसवर आमचं यंत्र चालत नाही. डिजिटल सहीच्या टोकनचंही तसंच.

प्रिंटर बघून घ्या. जुने स्वस्त लेझर प्रिंटर बरेचदा फक्त कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरवर चालतात. मुलांना हॉल तिकीट छापायचं असतं परीक्षेच्या आदल्या रात्री. तेव्हा प्रिंटर बसला तर पोट्टे रडकुंडीला येतात. प्रिंटर त्याच विंडोजच्या मशीनला जोडा आणि पीडीएफ पेनड्राइव्हने तिथे न्या. त्या मशीनवर विंडोज ७ ठेवू नका. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून विंडोज ११ चालेल असं एखादं मशीन वर्गणीतून घेता आलं तर बघा. अंगठ्याचं काम मात्र गावच्या सेवा केंद्रावरच राहू द्या. वाचनालयाने ती जबाबदारी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद ४ (गडचिरोली, जिल्हा परिषदेचा शिक्षक)

सगळे वेब म्हणजे बाहेरचं नेट धरून चाललेत. ताई, सर्व्हर तुमच्याच खोलीत ठेवा की! ब्राउझरला सर्व्हर पुण्यात आहे की टेबलाखाली, याने काही फरक पडत नाही. विहीर अंगणात असली की नळाच्या वेळेची वाट पाहावी लागत नाही, तसंच हे.

आमच्या शाळेत एका जुन्या लॅपटॉपवर डेबियन आहे. त्यावर किविक्स चालतं, म्हणजे नेटशिवाय विकिपीडिया दाखवणारं सॉफ्टवेअर; अख्खं मराठी विकिपीडिया एका फाइलमध्ये. शेजारी एक साधा राउटर, त्याला सिमही नाही आणि फायबरही नाही. मुलं ब्राउझरमध्ये राउटरच्या जाळ्यातला लॅपटॉपचा पत्ता टाकतात आणि पानं उघडतात. सराव परीक्षांसाठी त्याच लॅपटॉपवर मूडल हे ब्राउझरमधून परीक्षा घेणारं सॉफ्टवेअर बसवलंय. प्रश्न आम्हीच टाकतो, गुण तिथेच साठतात. पावसाळ्यात गावाचा संपर्क तुटतो तेव्हाही वर्ग चालतो.

डेस्कटॉप नको, लॅपटॉपच घ्या, बॅटरी चांगली असलेला. लाईन गेली आणि इन्व्हर्टरने दगा दिला तरी सर्व्हर बंद पडत नाही. अचानक बंद पडण्यानेच डिस्क आणि डेटाबेस खराब होतात. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावा.

धागाकर्ती

सर, हे मला सुचलंच नसतं. आमचा सगळा विचार रेंजभोवतीच फिरत होता. जुन्या प्रश्नपत्रिका आमच्याकडे ढिगाने आहेत. त्या एकाच जागी ठेवून सगळ्या मशीनवर दिसल्या तर अर्ध्या मुलांना नेटची गरजच उरणार नाही.

आता असं ठरवते: चार मशीनवर फ्लेक्स, अतिथी मोडमध्ये. २ जीबीच्या तिघांवर डेबियन, रॅमची जागा रिकामी निघाली तर रॅम वाढवून. छपाईसाठी एक विंडोजचं मशीन. आणि दात्यांपैकी कुणाचा लॅपटॉप मिळाला तर तो सर्व्हर. अंगठ्याचं काम सेवा केंद्राकडे.

दोन शंका उरल्या. अर्जासाठी फोटो आणि सही ठरावीक केबीमध्ये लागते. फोटो लहान करून देणाऱ्या अनोळखी साइटवर मुलं स्वतःचे फोटो आणि सह्या टाकतात. ते मला अजिबात आवडत नाही, विशेषतः मुलींच्या बाबतीत. आणि आमच्या सर्व्हरवर सर्व्हिस वर्कर वगैरे लागेल का?

प्रतिसाद २

दुसरी शंका आधी. सर्व्हिस वर्कर फक्त एचटीटीपीएसवर (म्हणजे सांकेतिक, सुरक्षित जोडणीवर) किंवा लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनच्या स्वतःच्या पत्त्यावर चालतो. तुमच्या खोलीतल्या साध्या एचटीटीपी पत्त्यावर तो नोंदवलाच जाणार नाही. पण सर्व्हर हाताशी असताना त्याची गरजही नाही. एवढं मात्र पाळा: साध्या एचटीटीपीवर पासवर्ड उघडाच जातो. मूडलसाठी मुलांनी जीमेलचा पासवर्ड वापरू नये. प्रत्येकाला वेगळा द्या आणि राउटरच्या वायफायला नीट पासवर्ड ठेवा.

फोटोचं तुम्ही अगदी योग्य बोललात. स्कूश नावाचं एक वेब ॲप आहे, गूगलच्याच क्रोम टीमने काढलेलं. फोटो लहान करण्याचं काम ते ब्राउझरमध्ये, तुमच्याच मशीनवर करतं. फोटो कुठेही पाठवला जात नाही. यामागे वेबअसेंब्ली आहे, म्हणजे ब्राउझरमध्ये जड प्रोग्राम वेगाने चालवायची सोय, २०१७ पासून मोठ्या ब्राउझरांत आलेली. त्याचा कोड खुला आहे, तुमच्या सर्व्हरवर ठेवायचं असेल तर मी मदत करतो. तयार फाइल पेनड्राइव्हवर घ्यायला लावा, अतिथी मोड बंद होताच ती जाईल. संगणकासमोर मोठ्या अक्षरात तशी पाटी लावा.

प्रतिसाद ४

ताई, सर्व्हरच्या डेटाची प्रत महिन्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क वाचनालयात ठेवू नका, कुणाच्या तरी घरी ठेवा. मूडलचा डेटाबेस आणि फाइल दोन्ही घ्यावं लागतं, एकच घेतलं तर परत उभं राहत नाही. लॅपटॉप मिळाला की इथेच लिहा. मूडल बसवताना मी फोनवर बसतो तुमच्यासोबत, रविवारी दुपारनंतर केव्हाही.